टाकीतलं पाणी येतं कुठून?

आज जरा आमच्या घरातलीच गोष्ट सांगतो. आमची मासेमारीची होडी आहे, दापोली तालुक्यात. होडी बाबांची, इंजिनाचं बघायचं काम माझं. त्यामुळे या गोष्टीत चूक कोणाची, ते तुम्हाला आधीच कळलं असेल.

आपल्याकडे १ जून ते ३१ जुलै मासेमारी बंद असते. ६१ दिवस होड्या वर ओढून, शाकारून ठेवतात. त्या वर्षी आमच्या टाकीत अर्धं डिझेल तसंच राहिलं. दोन महिने मी तिच्याकडे बघितलंही नाही. ऑगस्टमध्ये होडी पाण्यात उतरवली, इंजिन पहिल्याच झटक्यात सुरू झालं. बाबा खूश! खाडीत अर्धा तास मस्त चाललं. खाडीच्या मुखाशी आलो, होडी लाटांवर डोलायला लागली, आणि इंजिननं दोन आचके दिले अन् गप्प. एका बाजूला खडक, वारा किनाऱ्याकडे. बाबांनी नांगर टाकला, तो धरला म्हणून वाचलो. मागून येणाऱ्या होडीनं दोर टाकून आम्हाला परत आणलं. वाटेत कोणीच काही बोललं नाही. ते बोलण्यापेक्षा जास्त लागलं.

फिल्टरखाली काचेची वाटी असते ना, वॉटर सेपरेटरची, ती पाण्यानं गच्च भरली होती. टाकीच्या तळातून हातपंपानं काढलं तर दीड लिटर पाणी! वरचं डिझेल बाटलीत धरलं तर गढूळ. काका म्हणाले, "अरे, हे डिझेल आहे की ताक?"

आता मजा बघा. एक लिटर पाणी एक किलोचं, एक लिटर डिझेल साधारण ८३० ग्रॅमचं. म्हणून पाणी तळाला बसतं. इंजिनाकडे जाणारी नळी तळापासून थोडी वर असते, त्यामुळे शांत पाण्यात इंजिनला पत्ताच लागत नाही. होडी डोलली की तळातलं पाणी उसळतं आणि नळीत शिरतं. म्हणजे धक्क्याला सगळं ठीक, आणि बंद कुठे पडणार? जिथे लाटा आहेत तिथेच.

मग हे दीड लिटर आलं कुठून? बंदरात कोणालाही विचारा, एकच उत्तर: "टाकी अर्धी ठेवलीस ना? आत दव धरलं." मीही तेच मानत होतो. एका रात्री हिशेब केला. ३०० लिटरची टाकी अर्धी रिकामी, म्हणजे आत १५० लिटर हवा. ३० अंशाला एक घनमीटर दमट हवेत जास्तीत जास्त ३० ग्रॅम वाफ मावते, २४ अंशाला २२ ग्रॅमच्या आसपास. म्हणजे एका रात्रीत आमच्या टाकीत फार तर सव्वा ग्रॅम पाणी सुटेल. रोज आतली सगळी हवा बदलली, जी कधीच बदलत नाही, तरी ६१ दिवसांत अर्धा कप. दीड लिटर कसं होईल?

मग चोर शोधायला लागलो. आधी बघितलं, पाणी समुद्राचं की पावसाचं. जीभ लावू नका हं, डिझेल आहे ते! चार थेंब स्टीलच्या ताटलीत उन्हात वाळवले. खारं असतं तर पांढरा थर राहिला असता. जवळपास काहीच राहिलं नाही, म्हणजे पाऊस. मग टाकीचं झाकण उघडलं. आतली रबराची रिंग चिरलेली, कडक झालेली. वर ताडपत्रीला झोळ पडला होता आणि त्याचं पाणी बरोब्बर त्याच झाकणावर ठिबकत होतं. रिंग किती रुपयांची होती ते सांगत नाही, लाज वाटते.

दव निर्दोष आहे असं नाही. डिझेलवर जगणारे जिवाणू आणि बुरशी असतात. पाणी आणि डिझेल जिथे भेटतात त्या रेषेवर ते वाढतात, आणि त्यांना थोडंसं पाणीही पुरतं. फिल्टरवर काळा, बुळबुळीत थर दिसला तर तेच. पण दोष दवावर टाकला की झाकण कोणी बघत नाही, माझा राग त्यावर आहे.

दुसरी गोष्ट मला उशिरा कळली. वर ओढलेली होडी कललेली असते. तेव्हा पाणी त्या बाजूच्या कोपऱ्यात जातं, आणि खालची तोटी उघडली तरी नुसतं स्वच्छ डिझेल येतं. आपण म्हणतो, चला, पाणी नाही. म्हणून आता होडी पाण्यात सरळ झाली की एक रात्र थांबतो आणि मग तळातून काचेच्या बाटलीत काढतो. बाटलीत रेषा दिसली की काढतच राहायचं, रेषा दिसेनाशी होईपर्यंत. काढलेलं कॅनमध्ये ठेवायचं, पुळणीवर ओतायचं नाही.

पिंपात साठवत असाल तर पिंप उघड्यावर उभं ठेवू नका. वरच्या कडेत पावसाचं पाणी साचतं. दिवसा पिंप तापतं, हवा बाहेर जाते. रात्री गार झालं की बुचातून तेच पाणी आत ओढलं जातं. बूच घट्ट दिसलं तरी. पिंप आडवं ठेवा, दोन्ही बुचं घड्याळातल्या ३ आणि ९ च्या जागी. पिंप अर्ध्याहून जास्त भरलेलं असेल तर बुचं आतून डिझेलखाली राहतात, हवा खेचलीच जात नाही.

पेट्रोलवर चालणारं छोटं आउटबोर्ड असेल तर वेगळं प्रकरण. आताच्या पेट्रोलमध्ये २० टक्क्यांपर्यंत इथेनॉल असतं. ते आधी पाणी पिऊन टाकतं, काही दिसत नाही. पाणी जास्त झालं की इथेनॉल आणि पाणी मिळून तळाला वेगळे बसतात, आणि वर उरलेलं पेट्रोलही आधीसारखं राहत नाही. वरून नवं ओतून ते दुरुस्त होत नाही. बंदीआधी ते पेट्रोल संपवा.

डिझेलची टाकी भरून ठेवावी की रिकामी? पुस्तकी उत्तर: भरून, फुगायला थोडी जागा सोडून. पण दोन महिने कमाई नसताना मेमध्ये टाकी भरायला पैसे कोणाकडे असतात? आम्ही यंदा पूर्ण रिकामी केली, आतून पुसली, नवी रिंग बसवली, वर उलटी बादली बांधली. बाबा जुलैमध्ये दोनदा जाऊन बादली बघून आले. मला न सांगता.

तुमच्या बंदरावर काय करतात, व्हॉइस मेसेज पाठवा. भेटू पुढच्या भागात.