बेटावरील मठ



फ्रान्सच्या दक्षिण किनाऱ्यासमोर, कान नगरापासून जवळच, सेंट होनोरा नावाचे चिमुकले बेट आहे. लांबी सुमारे दीड किलोमीटर. इ. स. ४१० च्या सुमारास होनोरातुस या ख्रिस्ती सत्पुरुषाने तेथे मठ स्थापिला. पुढे समुद्रमार्गे धाडी येऊ लागल्या, तेव्हा अकराव्या शतकात साधूंनी किनाऱ्यावर तटबंदीचा मठ बांधण्यास आरंभ केला. तो तट आजही उभा आहे. तरीही अठराव्या शतकाच्या अखेरीस साधू मोजकेच उरले, मठ बंद झाला आणि राज्यक्रांतीनंतर बेट विकले जाऊन एका नटीच्या मालकीचे झाले. भिंती राहिल्या, उपासना गेली.

१८५९ मध्ये फ्रेजूसच्या धर्माध्यक्षांनी बेट विकत घेतले. १८६९ पासून सिस्टर्शियन पंथाचे साधू तेथे नांदत आहेत. ते स्वतः द्राक्षमळे राखतात आणि द्राक्षासव विकून चरितार्थ चालवितात. ते आसव मठाच्या आचारास मानवणारे नाही. परंतु स्वकष्टाची भाकरी खाण्याचा त्यांचा नेम आदरणीय आहे. प्रार्थनेची वेळ होताच हातचे काम थांबते व स्तोत्रपाठ सुरू होतो. नौकेतून यात्रिक येवोत वा न येवोत, त्यात खंड नाही.

वर्धापनदिनी मठाची वर्षे मोजताना हे बेट स्मरावे. समई अर्पण करणारे पुष्कळ मिळतात. तीत रोज तेलवात घालणारा हात प्रत्येक पिढीत निपजला, तरच मठ जिवंत राहतो. तसे हात श्रीगुरूंनी घरोघरी घडवावेत, हीच त्यांच्या चरणी प्रार्थना.