इमारत उभी राहिल्यानंतर



वाणिज्य शाखेच्या विद्यार्थ्यांपुढे करिअरवर बोला म्हटलं की पाहुण्यांनी सीए नाहीतर स्पर्धा परीक्षा यांवर बोलायचं, असा रिवाज आहे. आज तो मोडू या. मला बोलायचंय ते ऑफिसं, मॉल आणि आयटी पार्क चालवण्याच्या व्यवसायावर. इमारतीची किंमत ती बांधतानाच ठरते, हा समज अर्धाच खरा. पुढची पंचवीस-तीस वर्षं ती रोज ठरत असते. आणि ती ठरवणाऱ्या इमारत व्यवस्थापकाला आपण वॉचमनचा थोरला भाऊ समजतो!

तुम्हा वाणिज्यवाल्यांना हिशेबच पटेल, म्हणून एक काल्पनिक हिशेब मांडतो. एका कंपनीने दहा हजार चौरस फूट जागा महिना १०० रुपये फुटाने घेतली. वर्षाचं भाडं १ कोटी २० लाख. गुंतवणूकदार ८ टक्के परतावा धरून चालला, तर या भाड्यामागे १५ कोटींचं मूल्य उभं आहे. आता लिफ्ट वरचेवर बंद पडते, मे महिन्यात एसी दम तोडतो, देखभाल खर्चाचं म्हणजे ‘कॅम’चं बिल कुणालाच उलगडत नाही, कंटाळून कंपनी लॉक-इन, म्हणजे करारातली किमान मुदत, संपताच उठली आणि जागा सहा महिने रिकामी राहिली. ६० लाख तिथेच गेले; नव्या भाडेकरूसाठीची दलाली वेगळी. हे नुकसान वास्तुविशारद भरून देत नाही, बिल्डरही नाही. ते टाळणं हेच व्यवस्थापकाचं काम.

हा प्रश्न आता केवळ मालकापुरता राहिलेला नाही. शेअर बाजाराची नियामक असलेल्या सेबीने २०१४ मध्ये रीटचे, म्हणजे भाड्याच्या मालमत्तांचं उत्पन्न गुंतवणूकदारांत वाटणाऱ्या ट्रस्टचे, नियम केले, २०१९ मध्ये एम्बसी ऑफिस पार्क्स हा देशातला पहिला रीट शेअर बाजारात आला, आणि पुढच्या वर्षी आलेल्या माइंडस्पेस रीटमध्ये तर नवी मुंबईतल्या ऐरोलीचं आयटी पार्क आहे. रीटच्या किमान ८० टक्के मालमत्ता बांधून पूर्ण झालेल्या आणि उत्पन्न देणाऱ्या असाव्या लागतात. वाटपयोग्य रोकडीपैकी किमान ९० टक्के युनिटधारकांना, म्हणजे गुंतवणूकदारांना, द्यावी लागते. म्हणजे जनरेटर, चिलर आणि भाडेवसुली नीट चालते की नाही, यावर साध्या बचतदाराचं उत्पन्न टांगलेलं असतं.

कुणी म्हणेल, हे तर देखरेखीचं काम, त्यात बुद्धी कसली? त्याने हे आठवावं: २०१७ च्या डिसेंबरात मुंबईत लोअर परळच्या कमला मिल्समध्ये गच्चीवरच्या पबच्या आगीत १४ जण गेले. महाराष्ट्राचा २००६ चा आग प्रतिबंधक कायदा तेव्हा होताच. आगीची यंत्रणा चालू असल्याचं परवानाधारक संस्थेचं प्रमाणपत्र वर्षातून दोनदा, जानेवारी आणि जुलैत, देणं त्यात बंधनकारक आहे. पण प्रमाणपत्र जिन्यात रचलेली खोकी उचलत नाही. भरघोस भाडं देणाऱ्यालाही ‘हे इथे चालणार नाही’ असं सुनावणारा, कराराचं कलम आणि पंपाचा दाब दोन्ही कळणारा माणूस जागेवर लागतो. सेन्सर धोक्याचा इशारा देईल. भाडेकरूशी वाद घालणार नाही.

घरून काम वाढलं, ऑफिसं ओस पडतील, ही शंका जास्त वजनदार आहे, आणि ती मी उडवून लावणार नाही. जुन्या, गैरसोयीच्या इमारतींना तिचा फटका बसेलच. मात्र कर्मचाऱ्याला घरातून बाहेर काढायचं तर ऑफिस घरापेक्षा बरं हवं, आणि भाडेकरूला निवडायला वाव असला की वाईट चालवलेली इमारत आधी रिकामी होते. मागणी घटली तर व्यवस्थापनाची गरज घटत नाही, उलट वाढते.

या कामाच्या खटकणाऱ्या बाजूही सांगायला हव्यात. दिवाळीच्या सुट्टीत इतर लोक घरी असतात, तेव्हा वीजवाहिन्यांची मोठी दुरुस्ती काढतात. रात्री पाणी शिरलं की फोन तुम्हालाच. या क्षेत्राला सीएसारखी एकच ठरलेली पदवीही नाही, म्हणून पालक बिचकतात. पण दार एकच नसण्याचा फायदा तुम्हाला आहे: आयटीआयचा इलेक्ट्रिशियन, डिप्लोमा इंजिनिअर, हॉटेल मॅनेजमेंटवाला आणि बीकॉम, सगळे इथे येतात. तुमच्याकडे ताळेबंदाची जाण आहे, इलेक्ट्रिशियन-इंजिनिअरांकडे यंत्रांची. लिव्ह अँड लायसन्सचा करार ओळ न ओळ वाचायला शिका, कॅमचं वर्षअखेरचं हिशेबपत्रक तयार करता येऊ द्या, आणि सुरुवातीचे काही महिने टेक्निशियनबरोबर तळघरातल्या पंपरूममध्ये उतरा. तिथे इस्त्रीचा शर्ट घालून जाऊ नका.