कॉम्प्युटर मिळाले, आता माणूस हवा

(मिशनच्या पाठीराख्यांच्या मेळाव्यात केलेले भाषण)



आपल्या मंडळ्यांनी वसतिगृहांना कॉम्प्युटर दिले, त्याबद्दल देवाची उपकारस्तुती. पण आयटी सपोर्टच्या माणसाला दरमहा पगार कशाला, मंडळीतला एखादा तरुण महिन्यातून एकदा येऊन बघून जाईल की, असे काही वडीलधारे विचारतात. प्रश्न रास्त आहे. म्हणून त्याचे काम काय ते सांगतो.

धडगाव-अक्कलकुव्याकडे वीज येते-जाते, नेटवर्क टेकडीवर मिळते. इन्व्हर्टर सांभाळणे, उंदरांनी कुरतडलेल्या वायरी बदलणे, बॅकअप घेणे हे चालूच असते. शिवाय आपण दिलेली बरीच यंत्रे विंडोज 10 ची. मायक्रोसॉफ्टने त्याचा नेहमीचा सपोर्ट 14 ऑक्टोबर 2025 रोजी थांबवला. त्यांवर लिनक्स घालायचे की ती बाजूला काढायची, हे जाणत्याने ठरवावे लागते.

पण खरे काम शिष्यवृत्तीच्या वेळी कळते. महाडीबीटीवर अर्ज भरताना जातीच्या दाखल्यावर एक नाव, आधारवर दुसरे. जन्मतारखांचे तर विचारूच नका, अर्धा वर्ग 1 जूनला जन्मलेला! पैसे आधारशी जोडलेल्या खात्यात जमा होतात, आणि असे खाते एका वेळी एकच असते. मुलीने सुट्टीत गावी दुसरे खाते उघडून आधार तिकडे जोडले की पैसे तिकडे जातात. ती मात्र जुन्याच पासबुकात शोधत राहते, आणि शिष्यवृत्ती आलीच नाही असे समजून घरचे तिला शिक्षण सोडायला सांगतात. ही गाठ वेळेवर सोडवणारा माणूस रोज तिथे हवा. महिन्यातून एकदा येणाऱ्याला ती दिसतही नाही.

पात्रता? आयटीआयचा एक वर्षाचा 'कोपा' किंवा पॉलिटेक्निकचा कॉम्प्युटर डिप्लोमा पुरेसा आहे. नुसत्या एमएस-सीआयटीने कॉम्प्युटर वापरता येतो, दुरुस्त करता येत नाही. इंजिनिअरचा आग्रह नको, तो आला तरी टिकणार नाही. पावरी किंवा भिली मात्र बोलता आलीच पाहिजे. ओटीपी कोणाला सांगू नये, हे आजीला तिच्या बोलीतच समजावावे लागते.

आणि चारित्र्य. लेकरांचे आधार, पासवर्ड, पालकांचे ओटीपी, सगळे त्याच्या हाती. प्रेषितांच्या कृत्यांचा सहावा अध्याय आठवा. विधवांच्या रोजच्या वाटणीत दुर्लक्ष होते अशी कुरकुर झाली, तेव्हा सात जण निवडले गेले. काम अन्नवाटपाचे, तरी आधी पाहिले ते त्यांचे नाव चांगले आहे का आणि ते आत्म्याने भरलेले आहेत का.

असा माणूस वसतिगृहाच्या माजी विद्यार्थ्यांतून घडवावा असे मला वाटते. मुलींतूनही. पंडिता रमाबाईंनी केडगावला मुलींच्या हाती छापखाना दिलाच होता.

तेव्हा यंदाच्या अर्पणातून यंत्रे नकोत, एका वर्षाच्या पगाराची तरतूद करा. नावेही जरूर सुचवा. फक्त आपल्या पुतण्याचे नाव देण्याआधी त्याला पावरी येते का, तेवढे विचारून घ्या.