शिक्षकेतर सेवकांची विद्या
(वार्षिक स्नेहसंमेलनात दिलेले भाषण)



आज येथे गुणवंत विद्यार्थ्यांचा सत्कार झाला. त्यांच्या मातापित्यांचे व गुरुजनांचेही आपण मनःपूर्वक अभिनंदन केले. या मंगल प्रसंगी शाळेतील आणखी एका वर्गाचे स्मरण व्हावे, एवढ्यासाठी मी उभा आहे. लिपिक, प्रयोगशाळा परिचर, शिपाई, पोषण आहार शिजविणाऱ्या भगिनी या सर्वांस आपण 'शिक्षकेतर' म्हणतो. या शब्दाने ते कोण नाहीत एवढेच कळते. ते कोण आहेत हे कळत नाही.

माझे वडील एका माध्यमिक शाळेत प्रयोगशाळा परिचर होते. आम्ल पाण्यात हळूहळू ओतावे, आम्लात पाणी कदापि ओतू नये. सोडियम रॉकेलात बुडवून ठेवावे. हे सारे त्यांस मुखोद्गत होते. नवे शिक्षकही त्यांना विचारून प्रयोगाची मांडणी करीत. परंतु या ज्ञानाचा दाखला म्हणून कागदाचा एक चिटोराही त्यांच्यापाशी नव्हता. आणि मी? संस्थेच्या सभासद-नोंदवहीत वडिलांच्या व्यवसायापुढे 'शिक्षण खात्यात नोकरी' असे मोघम लिहून मोकळा झालो!

महाराष्ट्राच्या 1977 च्या खाजगी शाळांविषयीच्या सेवाशर्ती अधिनियमाने शिक्षक व शिक्षकेतर या दोघांनाही 'कर्मचारी' या एकाच व्याख्येत घेतले. 1981 च्या नियमावलीत पदांसाठी अर्हताही आल्या. परंतु परीक्षा उत्तीर्ण होणे निराळे आणि काम येणे निराळे. जनरल रजिस्टरात लिपिकाच्या हातून जन्मतारीख चुकली, तर ती चूक त्या मुलाच्या मागे जन्मभर लागते. म्हणून प्रत्येक कामात नेमके काय यावयास हवे, याची लेखी व पारखून पाहता येईल अशी मांडणी हवी. यालाच व्यवसाय-मानक म्हणतात. 2013 साली केंद्र सरकारने कौशल्यांची राष्ट्रीय पात्रता चौकट जाहीर केली. अनुभवातून शिकलेल्या माणसाचे काम पारखून त्यास प्रमाणपत्र द्यावे, हे तत्त्वही त्यात मान्य झाले आहे.

प्रमाणपत्राने काय साधते, असे कोणी विचारील. जुलै 2013 मध्ये बिहारच्या सारण जिल्ह्यात शाळेतील अन्नाने 23 बालके दगावली; तेलात कीटकनाशक मिसळले होते. तेलाविषयी स्वयंपाकिणीने शंका बोलून दाखविली होती, असे त्या वेळच्या वृत्तांत आले होते. तिच्या शब्दास वजन नव्हते. 'हे तेल मी वापरणार नाही' असे म्हणण्याचा अधिकार जिच्या कामाच्या मानकातच लिहिलेला आहे, तिला गप्प बसविणे इतके सोपे नसते.

मात्र पात्रतेच्या पाठोपाठ वेतन आले पाहिजे. या भगिनींचे मानधन केंद्राने 2009 साली दरमहा 1000 रुपये ठरविले, तेही वर्षातील दहा महिन्यांचे. राज्ये त्यात आपली भर घालतात. इकडे आपल्या राज्यात डिसेंबर 2020 च्या शासन निर्णयाने अनुदानित खाजगी शाळांतील चतुर्थश्रेणीची पदे रिक्त होताच त्यांच्या जागी 'शिपाई भत्ता' आला. पदच उरले नाही, तर पात्रता कोणाच्या अंगी बाणावी? आणि अनुभवी माणसास नव्या अटीने बाहेर काढण्यासाठीही मानकाचा उपयोग होता कामा नये.

सरकारने काय करावे, याची चर्चा आपण पुष्कळ करतो. आपल्या हाती काय आहे, तेही पाहू. संस्थेच्या शिक्षणनिधीतून पदवीच्या विद्यार्थ्यांस साहाय्य मिळते. त्यातील काही भाग अशा सेवकांच्या प्रशिक्षणासाठी व परीक्षाशुल्कासाठी राखून ठेवावा, अशी माझी नम्र सूचना आहे. तसेच पुढील वर्षीच्या सत्कारात एक नाव शिक्षकेतर सेवकाचे असावे.

नोंदवहीतील तो रकाना मी आज सकाळी कार्यवाहांच्या समक्ष दुरुस्त केला. तेथे आता 'प्रयोगशाळा परिचर' असे स्वच्छ अक्षरांत लिहिले आहे. ते लिहावयास मला फार उशीर झाला. आपण तसा करू नये, इतकीच प्रार्थना करून मी आपली रजा घेतो.