विषय आपल्या दारात, फेलोशिप दिल्लीची

गुंजी, खानापूर, पलीकडे निपाणी या आपल्या पट्ट्यात मराठी, इतिहास, समाजशास्त्र घेऊन एम.ए. झालेली मुलं-मुली आता कमी नाहीत. निकाल लागला की घरात दोनच गोष्टी निघतात, बी.एड. किंवा लग्न. कुणी पीएच.डी.चं नाव काढलंच तर वडील विचारतात, आणखी पाच वर्षं खर्च कोण करणार? प्रश्न रास्त आहे. त्याचं उत्तर घराघरात पोचलेलं नाही, म्हणून आज मी बोलतो आहे.

विद्यापीठ अनुदान आयोगाची ज्युनिअर रिसर्च फेलोशिप, म्हणजे जेआरएफ, कलाशाखेलाही मिळते. जानेवारी २०२३ पासून पहिली दोन वर्षं दरमहा ३७,००० रुपये आणि काम समाधानकारक असेल तर पुढची तीन वर्षं ४२,००० रुपये, असा तिचा दर आहे. वसतिगृह मिळालं नाही तर घरभाडं वेगळं. हे कर्ज नव्हे, फेडायचं काही नाही. ही फेलोशिप नेट, म्हणजे राष्ट्रीय पात्रता परीक्षेतल्या गुणांवर मिळते. परीक्षा वर्षातून दोनदा होते, एम.ए.ला साधारण ५५ टक्के लागतात आणि वयाची अट तीस वर्षांची आहे. मुलींना आणि आरक्षित गटांना पाच वर्षांची सवलत मिळते. तेव्हा लग्न झालेल्या मुलींनीही दार बंद झालं असं समजू नये, पीएच.डी.च्या काळात बाळंतपणासाठी २४० दिवसांची रजा नियमातच आहे.

सीमाभागातल्या आपल्या मुलांसाठी ही परीक्षा अधिक महत्त्वाची. सारथी, बार्टी, महाज्योती या महाराष्ट्र सरकारच्या संस्थांच्या फेलोशिपा महाराष्ट्राचा अधिवास मागतात आणि आपला पत्ता कर्नाटकातला. नेटच्या वाटेत मात्र राज्याची हद्द आडवी येत नाही. जेआरएफ हाती आली की बेळगावचं राणी चन्नम्मा विद्यापीठ, कोल्हापूरचं शिवाजी विद्यापीठ, गोवा विद्यापीठ, जिथे प्रवेश मिळेल तिथे ती नेता येते. एक अडचण खरी आहे. नेटचा पहिला पेपर फक्त इंग्रजी आणि हिंदीत असतो. मराठी माध्यमाच्या मुलांवर हा अन्याय आहे असं माझं स्पष्ट मत आहे. पण तो दूर होईपर्यंत जुन्या प्रश्नपत्रिका सोडवत राहणं एवढंच आपल्या हातात आहे.

आता विषयाचं. आपल्या भागात संशोधन करण्यासारखं काय आहे, असं मुलंच विचारतात, तेव्हा मला फार वाईट वाटतं. सांगलीजवळच्या कुपवाडमध्ये कन्नड, मराठी आणि उर्दू बोलणाऱ्यांची वाक्यरचना शेजारानं कशी एकसारखी होत गेली, यावर गम्पर्झ आणि विल्सन या दोन अभ्यासकांनी १९७१ साली निबंध प्रसिद्ध केला. भाषाशास्त्राच्या अभ्यासात जगभर त्याचा दाखला देतात. तसलाच शेजार आपल्या बाजारात, एसटीत, शेतात रोज ऐकू येतो. आपल्या खानापूर तालुक्यात कदंब राजांची हलशी आहे, आपल्याच जिल्ह्यात देगावला राणी कमलादेवीनं बाराव्या शतकात बांधवलेलं कमलनारायणाचं देऊळ आहे. गुंजीच्या माऊलीच्या यात्रेतले मानपान, बायकांची ओवी, खानापूरच्या कुंभारांचं काम, जंगलाकाठच्या गवळ्यांच्या वस्त्या, हे सगळं आजी-आजोबांच्या तोंडून आत्ता टिपून घ्यायला हवं. बाहेरून आलेल्याला दुभाषा लागेल. तुम्हाला मराठी आणि कन्नड या दोन्ही भाषा आईच्या ओट्यावरच मिळाल्या आहेत.

अशा संशोधकाचं उदाहरण आपल्याकडेच आहे. निपाणीपासून जवळच्या सदलग्याचे आ. ने. उपाध्ये याच भूमीतले, जन्म १९०६. कोल्हापूरच्या राजाराम कॉलेजात शिकवता शिकवता ते प्राकृत पोथ्यांची संपादनं करत राहिले. त्यांनी संपादित केलेल्या आठव्या शतकातल्या ‘कुवलयमाला’ ग्रंथात मराठी व्यापाऱ्यांचं वर्णन आहे आणि मराठीचा इतिहास लिहिणाऱ्याला आजही त्याकडे जावंच लागतं.

फेलोशिप मिळूनही मुलं अडतात ती मार्गदर्शकापाशी. नियमानं प्राध्यापकाला आठ, सहयोगी प्राध्यापकाला सहा आणि सहायक प्राध्यापकाला चारच विद्यार्थी घेता येतात. म्हणून निकालाची वाट न पाहता आधीच विद्यापीठात जाऊन भेटा. सोबत विषयाचं दोन पानी टिपण न्या, त्यात गावाचं नाव, कुणाशी बोलणार आणि काय शोधणार ते लिहा. जूनच्या परीक्षेचे अर्ज उन्हाळ्यात निघतात. जातीचे, उत्पन्नाचे दाखले त्याआधी काढून ठेवा. तहसील कचेरीत ऐनवेळी गर्दी होते.