वर्ख, चौकट आणि भांडवल

सोन्याने मढवलेल्या चित्रांचा विषय निघाला की तंजावरचे नाव प्रथम येते. तेथील मराठा राजांच्या, विशेषतः दुसऱ्या सरफोजींच्या आश्रयाने ही शैली बहरली. लाकडी फळीवर कापड चिकटवायचे, खडूची भुकटी व डिंक यांच्या लेपाने दागिने आणि महिरपी उठावदार करायच्या, त्यांवर सोन्याचा वर्ख बसवायचा. मग रंग आणि अखेरीस सागवानी चौकट. खरा वर्ख अनेक दशके झळाळतो, पितळी वर्ख काळवंडतो. खरेदीच्या दिवशी मात्र दोन्ही सारखेच चमकतात! व्यवसायाची खरी अडचण येथेच आहे.

२००७-०८ मध्ये या चित्रांना भौगोलिक मानांकन मिळाले. नावाला कायद्याचे संरक्षण लाभले; तरी समोरच्या चित्रातील वर्खाचा कस त्यावरून ग्राहकाला कळत नाही. शिवाय सोने आधी विकत घ्यावे लागते, पैसा सुटतो चित्र विकल्यावर. २०२३ मध्ये सुरू झालेल्या पीएम विश्वकर्मा योजनेच्या १८ व्यवसायांत चौकट घडवणारा सुतार आहे, सोनारही आहे. वर्ख बसवणारा चित्रकार नाही. या व्यवसायात उतरणाऱ्याने, माझ्या मते, प्रत्येक चित्रामागे वर्खाचा कस स्वाक्षरीनिशी लिहून द्यावा.