सारचा कौल



बलाढ्य राष्ट्रांची जुनी वैरे कशी संपतात, हा या संमेलनातील आपल्या चर्चेचा विषय. स्वागताध्यक्षाने फार बोलू नये, हा संकेत ठाऊक असूनही फ्रान्स-जर्मनीविषयी थोडे बोलतो.

जर्मनीने पत्करलेला १९१८चा युद्धविराम कोंपिएन्यच्या जंगलात रेल्वेच्या एका डब्यात झाला. १९४० मध्ये हिटलरने संग्रहालयाची भिंत पाडून तोच डबा बाहेर काढायला लावला, जुन्या जागी उभा केला आणि त्यातच फ्रेंचांना युद्धविरामावर सही करायला लावली. इतका मोजूनमापून घेतलेला सूड! असे वैर मिटले कसे?

१९८४ साली व्हर्दंच्या जुन्या रणभूमीवर हातात हात घेऊन उभे राहिलेले फ्रान्सचे अध्यक्ष मितराँ आणि जर्मन चान्सलर कोल आपल्याला आठवतात. ते छायाचित्र पाहून आजही मन भरून येते. पण गाठ सुटली ती फार आधी, आणि माझ्या मते सारमध्ये.

कोळशाच्या खाणींचा हा जर्मनभाषक प्रदेश दुसऱ्या महायुद्धानंतर फ्रान्सने जर्मनीपासून तोडून आपल्या कह्यात ठेवला. तिथे चलनही फ्रँकच होते. १९५० मध्ये फ्रान्सचे परराष्ट्रमंत्री शूमान यांनी दोन्ही देशांचे कोळसा-पोलाद उत्पादन एका सामायिक अधिकारिणीखाली आणण्याची योजना मांडली. ती मान्यही झाली, तरी सारचा काटा सलतच राहिला. २३ ऑक्टोबर १९५५ रोजी तिथे मतदान झाले. युरोपीय देखरेखीखाली सारला वेगळा दर्जा द्यावा, ही दोन्ही सरकारांनी ठरवलेली तोड सुमारे ६८ टक्के मतदारांनी झिडकारली. हा जर्मनीत जाण्याचाच कौल आहे, हे फ्रान्सने मानले. घासाघीस झालीच: मोझेल नदीत मालवाहतुकीचा जलमार्ग आणि सीमेलगतच्या कोळशावर काही वर्षांचा हक्क फ्रान्सने पदरात पाडून घेतला. पण १ जानेवारी १९५७ रोजी सार पश्चिम जर्मनीत गेला. दोन्ही देशांच्या मैत्रीचा एलिझे करार त्यानंतरचा, १९६३चा.

सोव्हिएत धाकामुळेच हे जुळले, असे कोणी म्हणेल. धाक खराच होता. पण तो १९५० मध्येही होता, आणि तेव्हा फ्रान्सने सार सोडला नव्हता. जिंकलेल्याने हातचे सोडले आणि हरलेल्याने त्याची किंमत मोजण्यात कमीपणा मानला नाही, हे मला निर्णायक वाटते.

माझे हे मत इथल्या जाणकारांनी निःसंकोच तपासावे, पटले नाही तर खोडून काढावे. संमेलनाध्यक्षांनी आता सूत्रे हाती घ्यावीत, अशी विनंती करतो.